आईचे हात

मी, खाली सही करणारी, हयातभर एका चित्रपट कंपनीचा कपडेपट सांभाळलेली अविवाहित बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, पण त्याने काही बिघडत नाही असे वकीलसाहेब म्हणतात.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, त्यात लुडबुड करू नये.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या कपडेपटातल्या मुलींना. माझ्या कात्रीने कोणी कागद कापला तर भूत होऊन मानगुटीवर बसेन.

३. हाच भाऊ कंपनीचा मालक. त्याने सगळ्या धर्मांची लग्ने पडद्यावर लावली, वधूंचे कपडे मी शिवले. आम्ही ज्यू. लोक बोटे मोडत म्हणतात, सगळा सिनेमा यांच्याच मुठीत. पडद्यावर मात्र आम्ही औषधालाही नाही; असलोच तर व्याजखाऊ म्हातारा, तोही चिकटवलेल्या नाकाचा.

एकदाच भावाने धीर केला. शुक्रवारी संध्याकाळी, आमचा विसाव्याचा दिवस शब्बाथ सुरू होताना, मेणबत्त्या लावून हातांनी डोळे झाकणारी आई दाखवायची होती. नटीला ते जमेना, म्हणून आमच्या आईलाच बोलावले. दिसणार होते फक्त तिचे हात. पुढे वितरक कुरकुरले आणि भाऊ घाबरला. "ताई, आपलं घरातलं घरातच बरं. उगाच लोकांच्या डोळ्यावर येऊ." प्रसंग कापला गेला. आईला सांगायची हिंमत कोणालाच झाली नाही.

पहिल्या खेळाला ती ठेवणीतले कपडे घालून, शेजारणींना घेऊन आली. बाहेर पडताना भावाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "छान झालाय रे. माझे हात अंधारात गेले असतील, दिसलेच नाहीत."

ती पुन्हा कधी थिएटरात गेली नाही. मी भावाशी कामापुरतेच बोलत राहिले. त्याची भीतीही खोटी नव्हती, हे कळायला मला म्हातारपण यावे लागले, याचे फार वाईट वाटते.

४. कापलेली फिल्म संकलकाने फेकली नाही, मला आणून दिली. ती कपाटात, पांढऱ्या अस्तरात गुंडाळलेली आहे. ती भावाला द्यावी. सिनेमात परत जोडण्याची अट घाला, असे वकील सुचवतात. नको. आईने घातली नसती. राजा, एकदा एकट्याने बघ, मग तूच ठरव.

साक्षीदार: तोच संकलक, आता निवृत्त; आणि शेजारच्या डॉक्टरीणबाई. माझ्यामागून सह्या करायला दोघे समोरच बसले आहेत.

ठिकाण: माझी शिवणाची खोली. दिनांक मुद्रांकावर आहे तोच, वार शुक्रवार. ऊन उतरले आहे. मेणबत्त्या लावल्यावर आमच्यात लिहीत नाहीत, म्हणून सही आताच करते.