बारशाची पैज

१० ऑक्टोबर २००४, रविवार

पैज लागली! पद्मिनीबाईंचा बॉस्टनहून फोन. विषय तोच, बारसं कुठे? प्रीता पहिल्या बाळंतपणाला आईकडे गेली, ठीक. रीतच आहे. पण बारसंही तिथेच? म्हणजे मी, श्रीरंगची आई, पाहुणी म्हणून पाळण्याला हात लावणार? जानेवारीत मी नागपूरला परत. त्याआधी बाळ या घरात आलेलं मला बघायचंय. एवढंच मागणं आहे माझं.

"तुमच्या यांकीजनी आमच्या रेड सॉक्सना हरवलं तर करू जर्सी सिटीत," म्हणाल्या आणि हसल्या. "तुम्हाला काय कळतं म्हणा बेसबॉलमधलं!"

म्हटलं, लावली!

कळतं तेवढं पुरे. श्रीरंग ऑफिसातून आला की मॅच लावतो, मी भाजी निवडत बघते. पट्टेवाले ते आपले. आणि टीमला मोज्यांचं नाव कोण ठेवतं?

१३ ऑक्टोबर

जिंकलो! दहा-सात.

लग्नात मी मानाची साडी दिली, ती या बाईने भर मांडवात बहिणीच्या हातात कोंबली होती. "अमेरिकेत कुठे नेसू? तूच घे!" चारशे माणसं बघत होती. मी विसरलेली नाही.

१४ ऑक्टोबर

पुन्हा आपणच! मुद्दाम फोन केला नाही. बसू देत झुरत.

१६ ऑक्टोबर

काल पावसाने मॅच रद्द. बाई एक दिवस वाचल्या.

१७ ऑक्टोबर, रविवार

एकोणीस-आठ!! धू धू धुतलं! तिसरी जिंकली, म्हणजे खेळ खलास. मागच्या फेरीतही तिसरी जिंकल्यावरच सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

शेजारचा गिरीश सकाळीच गाडी घेऊन बॉस्टनला निघाला होता. श्रीरंगने आणलेला केशरी पेढ्यांचा अख्खा डबा त्याच्या हाती दिला. वर चिठ्ठी — "तोंड गोड करा, विहीणबाई." दोन वर्षं वाट बघितली या दिवसाची.

दुपारी — श्रीरंग उठला, पेढ्यांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावून बसला. "आई, यार! ही सात मॅचची सिरीज आहे. चार जिंकायला लागतात!" आईला यार म्हणतो! मग म्हणाला, तीन-शून्यवरून आजवर कोणी हरलेलं नाही. मग झालं तर. चौथी आज जिंकतील.

१८ ऑक्टोबर

हरले. चहा व्हायच्या आत फोन — "पेढे पोचले बरं का. आता एक खाल्ला. साखर अंमळ जास्त झालीये."

१९ ऑक्टोबर

हरले. दुसरा खाल्ला म्हणे.

२० ऑक्टोबर

तिसरा. आता तीन-तीन. माझा चेहरा बघून श्रीरंग गुपचूप जेवणाचा डबा घेऊन ऑफिसला गेला. आज मी बघणारच नाही. मी बघितलं की हरतात हे मेले.

२१ ऑक्टोबर

हरले. दहा-तीन. तेही आपल्याच मैदानावर!

"हॉल बघून ठेवलाय," पद्मिनीबाई म्हणाल्या. "बारशाला या हं. पाहुण्यांची सगळी सोय करू."

पाहुण्यांची!

रडले. खोटं कशाला लिहू? रागाने रडले. श्रीरंग म्हणाला, "कशावरून एवढं?" तेव्हा पैजेचं सगळं सांगितलं. तो फोन घेऊन आत गेला आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी बघून घेईन त्या बाईला. साडी, पेढे, पाहुणी — सगळं वसूल करीन.

२२ ऑक्टोबर

प्रीताचा फोन. एरवी माझ्याशी तोडकंमोडकं का होईना, मराठी बोलते. आज नाही.

"माय बेबी इज नॉट अ ट्रॉफी, आई!" आवाज कापत होता तिचा. "यू अँड मॉम, बोथ ऑफ यू! आय अ‍ॅम कमिंग होम. डिलिव्हरी तिथेच. बारसं आम्ही दोघं करू. फक्त आम्ही दोघं."

क्षणभर वाटलं, जिंकले! बाळ याच घरात येणार!

श्रीरंग गाडीची किल्ली शोधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, थोडे दिवस पिस्कॅटवेला राहशील? सीमामावशीकडे?"

बहिणीकडे जायला मला काय हरकत असणार? बॅग भरली.

२३ ऑक्टोबर, पिस्कॅटवे

पद्मिनीबाईंचा फोन इथे आला. प्रीता निघून गेली म्हणाल्या. दारातून मागे वळूनही बघितलं नाही तिने. मग अगदी बारीक आवाजात — "माझं काय चुकलं हो, विहीणबाई?"

याचं उत्तर दोन वर्षं पाठ होतं मला.

म्हटलं, "आपलं म्हणा."