भाच्याशी एक डाव

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
दि. ६ जानेवारी २०२५

ती. सत्यभामाआक्कास,
काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून या वयात मला लिहिता हात करावा लागला. पोस्टातली बाई परवा विचारत होती, की काका, कोर्टात काही चालू आहे का, एवढी पत्रं आता कोण लिहितं. मी सांगितलं, की व्हय, थोरल्या बहिणीचं कोर्ट आहे, तारखा लई जवळजवळच्या पडतात.

इकडं माझा काठी-बॉलचा, पूलचा हॉल ठीक चाललाय. दोन टेबलांचं हिरवं कापड बदललं. फकिरा अजून कामावर आहे. छावणीच्या क्लबात आम्ही दोघं मार्कर होतो, साहेब लोकांचे गुण मोजायचो, तेव्हापासूनचा हा गडी. गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडं येतो. राजेंद्र मोटरसायकल सोडून एसटीनं का आला, आणि गाडी रिपेरीला दिली म्हणाला ते खरं का. आक्का, खरं नाही. गाडी गेली. शहागंजाकडच्या एका हॉलात पूलच्या डावावर पैज लावून त्यानं ती घालवली. मलाही हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

यात माझा हात आहे, तो लपवत नाही. तुझा लेक चिकलठाण्याच्या कंपनीतून सुटला की माझ्याकडं यायचा, तो रमायला यायचा. सोपा बॉल समोर असताना हा तीन कडांना आपटून कुठला तरी लांबचा मारायला जायचा. गेला तर स्वतःच चकित. नाही गेला तर पोट धरून हसायचा, आणि हारणाऱ्यानं टेबलाचं भाडं द्यायचं या आमच्या रिवाजाप्रमाणं खुशीत पैसे ठेवून घरी जायचा. शेजारच्या टेबलावरची माणसं आपला डाव सोडून याचा बघत उभी राहायची. फकिरा म्हणायचा, की इत्ता हसके हारनेवाला आदमी मैं जिंदगी में नै देखा.

शहाणपणा मी केला. एवढा हात आहे आणि नुसता हसण्यावारी चाललाय, हे माझ्या धंदेवाईक डोक्याला सोसवेना. मी त्याला सहा महिने फक्त सोपे बॉल मारायला लावले आणि शहरातल्या स्पर्धेत उतरवला. कप आणला त्यानं. तो कप मी गल्ल्यामागं ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. कप बघून पैसे लावणारी माणसं आली, आणि एक डाव आमच्याकडं खेळ म्हणून त्याला घेऊन गेली.

सूनबाईला, तनुजाला, गाडीचं ठाऊक नसावं. तू तिला काही लिहू नको, मी बघतो. मशीनचा सेल बदल. धाकट्यावर रागव, पण उत्तर पाठव.

तुझा,
काकासाहेब

---

पिशोर, ता. कन्नड
दि. १७ जानेवारी २०२५

चि. काकासाहेबास,
सत्यभामेचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना चुलीवरचा, म्हणजे गॅसवरचा चहा उतू गेला. इतक्या वर्षांची सवय, मी अजून चूलच म्हणते.

तनुजाला सगळं ठाऊक आहे. संक्रांतीला आली होती. घरात वाणाला आलेल्या बायका, आणि माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. म्हणून तिनं लेकीची, मंजूची पाटी घेतली आणि माझ्या शेजारी बसून लिहून दाखवलं. गाडी गेली. मग फडक्यानं पुसलं. महिन्यात नऊ खाडे झाले, कंपनीनं शेवटची ताकीद दिली. पुसलं. मुकुंदवाडीतल्या प्लॉटच्या कागदावर हे माझी सही मागतात. ते तिनं पुसलं नाही, पाटी तशीच मांडीवर ठेवून बसली. मंजू माझी पाटी द्या म्हणून रडायला लागली तेव्हा दिली.

काकासाहेब, मी चाळीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली. पोरगं हसत खेळत असेल तर त्याला नंबर लावू नये, एवढं मला कळतं. तुझ्या खेळातलं बाकी काही कळत नाही. तू त्याला स्पर्धेत घातलंस तेव्हा मला विचारलं नाहीस. आता बाहेर कसं काढायचं तेही विचारू नको. काढ. त्या प्लॉटवर सही व्हायच्या आत काढ. तुझे भावजी असते तर त्यांनी हात तरी उगारला असता, मला तेही जमायचं नाही.

मशीनचा सेल बदलला. आता शिट्टीचा आवाज वाढला. तुला ठसका लागला असेल तर आठवण मीच काढली असं समज.

तुझी आक्का

---

मुकुंदवाडी
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
काकासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

काम झालं. आधी हे वाच, मग बाकीचं.

समजावून सांगायचे सगळे रस्ते मी चालून पाहिले. तनुजासमोर बसवलं, देवाची आण घातली. मान हलवतो आणि चार दिवसांनी पुन्हा शहागंज. मग माझ्या ध्यानात आलं, की ही पैजेवर खेळणारी माणसं बायकोला दिलेला शब्द मोडतात, देवाचा मोडतात, पण टेबलावर दिलेला मोडत नाहीत. मोडला तर कुठल्याच हॉलात कुणी काठी हातात देत नाही. तेव्हा काल रविवारी दुपारी मी त्याला बोलावून सांगितलं, की माझ्याशी एक डाव खेळ. तू जिंकलास तर या विषयावर मी आजपासून मरेपर्यंत गप्प बसतो. हारलास तर काठीला पुन्हा हात लावायचा नाही. पैशासाठी नाही, गमतीसाठी नाही, कशासाठीच नाही.

तो हसला. लोकांसमोर मला खेळताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मार्करनं मोजावं, खेळू नये, अशा शिस्तीत मी वाढलो. साहेब लोक गेल्यावर क्लबात मी आणि फकिरा खेळायचो, ते कुणाला माहीत. फकिरा मला बाजूला घेऊन म्हणाला, की सेठ, भांजे के साथ शर्त नक्को, जीते तो भी अपनाच हारता. मी त्याला गुण मोजायला उभा केला.

डाव अटीतटीचा झाला. दोघांचेही आपापले बॉल संपले, टेबलावर फक्त काळा उरला. तो ज्याचा जाईल तो जिंकला. पाळी माझी होती, आणि पांढरा बॉल कडेला असा चिकटला होता की काठी टेकवायला जागा नाही. नेम धरला, थोडा थांबलो, पुन्हा खडू लावला आणि मारला. काळा गेला.

राजेंद्रानं काठी स्टँडला लावली. नळावर हात धुतले, माझ्या पाया पडला आणि गेला. टेबलाचं भाडं गल्ल्यावर ठेवून गेला, मी नको म्हणायच्या आत.

प्लॉट वाचला, आक्का. लेक तुझा तुला परत केला. या भावावर आहे ती माया कमी पडू देऊ नको.

तुझा,
काकासाहेब

---

पिशोर
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. काकासाहेबास,
सत्यभामेचे अ. उ. आ.

पंचमीला सगळे आले होते. राजेंद्रानं जुनी का होईना, गाडी घेतली. एक खाडा नाही, घरी वेळेवर येतो. तनुजानं या खेपेला पाटी मागितली नाही. तुला दुवा द्यावा तेवढा थोडा, आणि मी रोज देते.

तरी एक लिहायचं होतं, सहा महिने लिहू का नको करत होते. तो हसत नाही रे. मला ऐकू येत नाही म्हणून मी माणसांची तोंडं बघते, आणि तोंड खोटं बोलत नाही. चार दिवस ओट्यावर बसून होता. शेजारची मंडळी पत्त्यांना बोलवायला आली, तर उठून आत गेला. मंजूनं गोट्या आणल्या होत्या. त्याच्यासमोर रिंगण काढलं, एक गोटी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती बराच वेळ बघितली आणि तिच्या मुठीत परत दिली. पोरगी माझ्याकडं आली. मला नेम साधत नाही, पण खेळले तिच्याशी.

मी म्हटलं होतं त्याला बाहेर काढ. तू काढलंस. पण एवढा बाहेर? मला वाटतं, पैशाचा खेळ सुटला तेवढं पुरे. तू त्याचा शब्द त्याला परत दे. तूच घेतलास, तर तुलाच देता येईल. पूर्वीसारखा त्याला कधीमधी हारू दे आणि हसू दे.

पाय दुखतो, पण ते जुनंच. पत्राला उशीर करू नको. माझा जीव तुमच्या दोघांत अडकलाय.

तुझी आक्का

---

मुकुंदवाडी
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. राजेंद्रास,
मामाचे अ. उ. आ.

तुझी खोली माझ्या हॉलापासून दहा मिनिटांवर आहे आणि मी तुला पत्र लिहितोय. दोनदा दारापर्यंत येऊन परत फिरलो. तनुजानं एकदा पाहिलं, तिला मी भाजीला निघालोय म्हणून सांगितलं. हातात पिशवी नव्हती.

तुझ्या आईचं पत्र आलं, की मी तुझा शब्द तुला परत द्यावा. मी देतो. पण परत द्यायला तो आधी माझा असायला हवा, आणि तो माझा नव्हता. ते सांगायला हे पत्र.

फेब्रुवारीतल्या त्या डावात काळ्यावर नेम धरताना माझ्या काठीचं टोक पांढऱ्याला लागलं. हलकंच, पण लागलं. बॉल केसभर हलला. फाउल झाला होता. आपला फाउल आपण सांगायचा, समोरच्याला दिसो न दिसो. मी हे क्लबात शिकलो, तुला मीच शिकवलं, आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. सांगितलं असतं तर पांढरा तुझ्या हातात आला असता, तुला हवा तिथं ठेवता आला असता, आणि तो काळा तू डोळे मिटून घातला असतास. जिंकला तू होतास.

मी खडू उचलला तो बोलायला वेळ मिळावा म्हणून. पण डोळ्यांसमोर तुमचा प्लॉट आला, तुझी आई आली. मनात म्हटलं, एका फाउलनं पोरगं वाचतंय, गिळ. गिळला. इतके महिने मी स्वतःला सांगतोय, की आजारी माणसाला औषध फसवूनच द्यावं लागतं. फकिरा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्यानं काय पाहिलं, मी विचारलं नाही.

तू कशालाच बांधलेला नाहीस. पैशाचं तेवढं सोड, ते तू सोडलंच आहेस. बाकी ये. कोपऱ्यातलं टेबल सहा वाजता रिकामं असतं. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही, तू म्हणशील तेव्हा सांगेन. रागावलास तरी माझ्याकडं येऊनच रागाव.

तुझा,
मामा

---

मुकुंदवाडी
दि. २० ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
राजेंद्राचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तनुजानं वाचलेलं नाही. ती विचारत होती, की मामा दहा मिनिटांवरून पत्र का पाठवतात. मी सांगितलं, की त्यांना आईमुळं सवय लागली.

मामा, मला तो आवाज आला होता.

मी तुमच्या उजव्या हाताला उभा होतो. टिक् झालं आणि पांढरा हलला, तेही दिसलं. तुम्ही काठी उचललीत, खडू घेतलात. मला वाटलं, आता म्हणणार. मी मनातल्या मनात पांढरा कुठं ठेवायचा ते ठरवतसुद्धा नव्हतो, खरं सांगतो. मी तुमच्या तोंडाकडं बघत होतो.

शहागंजाला कुणी आपला फाउल सांगत नाही. पकडला तर भांडतात, नाही पकडला तर हसतात. सहा महिन्यांत मलाही ती सवय लागली होती. तुम्ही बोलावलंत त्या दुपारी मी चालत येताना ठरवून आलो होतो, की जिंकलो तरी हे सोडायचं. तुम्हाला हरवून मग सांगायचं, मामा, सोडलं, आता भाडं तुम्ही द्या. तेवढी गंमत करायची होती. प्लॉटचा कागद मी आदल्या दिवशीच तनुजाकडं परत दिला होता. तुम्ही तिला विचारा.

मी हरकत घेतली असती तर तुम्ही मान्य केलं असतं, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला फाउल दाखवायचा म्हणजे काय, ते माझ्यानं झालं नाही. म्हणून भाडं ठेवलं आणि निघालो.

तुम्ही मला मोकळं केलंत, पण बांधलेला मी त्या शब्दानं नव्हतोच. मध्ये एकदा कंपनीतल्या मित्रांबरोबर एका हॉलात गेलो होतो, तुमच्याकडं नाही. काठी हातात घेतली. समोरचा नेम धरत होता आणि मी त्याच्या काठीच्या टोकाकडं बघत होतो. पूर्ण डाव तेच बघत राहिलो. बॉल कुठं जातोय ते दिसलंच नाही. मंजूच्या गोट्यांचंही तेच झालं. तिनं रिंगणाच्या आत बोट सरकवलं होतं, पोरं सरकवतात तसं, आणि माझी नजर तिथंच गेली. पाच वर्षांच्या लेकीकडं मी असा बघतोय, याची लाज वाटली, म्हणून गोटी परत दिली.

रागावलेलो नाही. घर वाचवायलाच तुम्ही केलंत, ते कळतं. कधीतरी सहा वाजता येईन. चहा पिऊ. खेळायचा आग्रह करू नका.

आणि एक. आईला हे सांगू नका. मी खेळत नाही ते कंपनीच्या कामानं दमतो म्हणून, एवढंच लिहा. तुम्ही तिचा मुलगा परत आणलात म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. इतके महिने गप्प बसलात, तसेच यापुढंही बसा.

फकिराचाचांना सलाम सांगा. आपला लोभ होता तेवढा राहिला तरी पुष्कळ.

आपला,
राजेंद्र