रिकाम्या जीपचे शॉकप

सोम. ३ फेब्रु.
सकाळीच रूथचा फोन. सातवा चालू आहे तिला. "पप्पा, डॉक्टर म्हणतात बाळाची वार खाली आहे. मोठ्या दवाखान्याजवळ जाऊन राहा, अन् धक्के बसू देऊ नका." सांगताना हसत होती. पोरगी हसते म्हणजे घाबरलेली असते, आईची सवय.
तिचं सासर तिसगावच्या वर डोंगरात. वाडीचा रस्ता करायला घेतला अन् नुसती खडी टाकून गेलेत. कारचं पोट घासतं, ॲम्ब्युलन्स खाली डांबरीपर्यंतच येते. राहिली आपली जीप. तिचे शॉकप पार गेलेत. एका खड्ड्यात गेली की पुढचा येईस्तोवर डोलते. आता काय करू?

मंगळ. ४
शेजारून आक्का आली. माझी थोरली बहीण, तिला न सांगता काही ठरत नाही. म्हणे, "आठवा लागायच्या आत आण. आठव्यात पोटुशीला हलवत न्हाईत." आपण दर रविवारी चर्चला जाणारी माणसं, तरी आठव्याला ही भिते. खरं तर मीही भितो. म्हणजे महिनाअखेरीच्या आत तिला नगरला, मोठ्या दवाखान्याजवळ न्यायची.

गुरु. ६
युनूसभाईच्या गॅरेजला. गाडीखाली जाऊन आला अन् हसला. "शांतवनराव, हे शॉकप न्हाईत, नुसत्या नळ्या हायत." चारही बदलायचे. पण कुठले? चहाच्या टपरीवर प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो गॅसचे घ्या, दुसरा म्हणतो जुन्या गाडीला तेलाचेच बरे. घरी मोबाईलवर पाहिलं तर पोरं नदीतून, दगडांवरून जीप उडवतायत. त्यांच्या गाडीत कुणी दिवस गेलेली बाई नाही. बंद केला. झोप नाही.

शनि. ८
नगर. पार्टच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, "गाडीत माणसं किती बसतात?" मी ऐटीत, "वडापची गाडी आहे साहेब! पंधरा बसवलीत, वर टपावर दोन." मिरजगाव-कर्जत प्रवासी फेऱ्या किती वर्षं मारल्या, सांगत बसलो. तो म्हणाला, "मग कडकच न्या." घेऊन आलो. एक काम झालं, देवाची कृपा.

सोम. १०
बसवले. मागच्या सीटवर पाण्याची भरली कळशी ठेवून लिंबाच्या बागेपर्यंत चक्कर मारली. आई गं! खडा न् खडा मणक्यात. कळशी निम्मी सांडली. युनूसभाई म्हणतो, "वजनाचे हायत हे. रिकामी गाडी उडणारच. पंधरा मानसं तुमीच सांगितली न्हवं?"
मीच सांगितली. वडाप बंद होऊन किती काळ लोटला, तरी मिरवायची हौस. बसणार एक पोर, तीही अशी. गाढव आहे मी.
दुकानाला फोन. मऊ मिळतील, पण पुण्याहून मागवावे लागतील. कधी? "बघू, येतील."

शुक्र. १४
आले नाहीत. रूथला सांगितलं, गाडीचं काम चाललंय. "पप्पा, उगा टेन्शन घेऊ नका." हसली परत.

रवि. १६
चर्च सुटल्यावर आक्काचा हुकूम. "गाडी काढ, महिला मंडळाच्या बायांना वस्तीवर आजारी माणसाला भेटायचंय." रूथची आई, सरोज, गेल्यापासून या बायांना गाडीत घेतलं नव्हतं. ती होती तेव्हा दर रविवारी भरून न्यायची, मी कुरकुरायचो. आज परत दाटीवाटीनं बसल्या अन् गाणी सुरू. बागेचाच रस्ता. तेच खडे, वाटेत आडवा तोच ओघळ. गाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी शांत.
मी थांबलो. उतरून खाली वाकून बघितलं.
"काय रं, पंक्चर?"
"नाही. बसून राहा."
मागे घेतली, परत ओघळावरून नेली. काहीच नाही. बाया ओरडायला लागल्या, "ह्याचं डोकं फिरलंय!"

मंगळ. १८
वाळूची पोती भरून पाहिली. मागं सरकतात, फळीवर आदळतात. युनूसभाई म्हणे बांधा. बांधली, तरी तेच. आक्का दारातून बघत होती. "अरं, आमी काय मेलोय का? आमी बसतो की."
नको म्हणालो. रूथ गुदमरेल म्हणालो. खरं कारण ते नाही. वाटभर "सरोज असती तर" ऐकायचं बळ नाही माझ्यात. दोन वर्षं झाली, अजून नाही.

शुक्र. २१
मऊ शॉकप अजून नाहीत. दुपारी विहीणबाईंचा फोन. "व्याही, न्यायचं तर आठवडाभरात न्या. आठव्यात मी सोडायची न्हाई. हितंच काय व्हायचं ते हुईल." हितंच म्हणजे त्या खडीच्या वर. उठलो, आक्काकडे गेलो. "चला सगळ्या." तिनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दशम्यासुद्धा ठरल्या होत्या.

सोम. २४
वाडीवर पोचलो. विहीणबाई: "न्यायला आलात का वऱ्हाड घेऊन?" रूथ बाहेर आली, बायांना बघून रडायलाच लागली. "मम्मीच्या सगळ्या आल्यात."
मधल्या सीटवर, आक्काच्या कुशीत बसवली. उतार पहिल्या गिअरमध्ये. मी आरशातच बघत होतो, आक्का खेकसली, "फुडं बघ!" खडी संपली, डांबरी लागली. रूथ म्हणाली, "पप्पा, समजलंसुद्धा नाही." मी मोठ्यानं हसलो, किती दिवसांनी. करंजी घाटात तीच म्हणाली, "मम्मी इथं गाणं चालू करायची." बायांनी उचललं. मी गिअरकडे लक्ष दिलं.
नगर जवळ आलं. चांगला गुळगुळीत रस्ता. रूथ हळूच म्हणाली, "आत्या, ओलं लागतंय."
रक्त. सरळ दवाखाना. देवबापा, आता तूच.

मंगळ. २५
रक्त थांबलंय. बाळाचे ठोके आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात ठेवून घेऊ, बघू. विचारलं, धक्क्यानं झालं का? "असेल, नसेलही. वार खाली असली की बसल्या जागीही होतं." हे उत्तर घेऊन मी काय करू? सारखी ती खडी आठवतेय. कुठला दगड? एकही लागला नव्हता.
बाया सकाळच्या एसटीनं गेल्या. आक्का आत रूथपाशी. म्हणे, "घरी जाऊन ये, आंघोळ कर, लिंबांना पाणी सोड." म्हटलं, रिकामी गाडी नेणार नाही.
जीपमध्येच बसून लिहितोय. आत्ता दुकानदाराचा फोन. मऊ शॉकप आलेत. "पण यावेळी नीट सांगा, माणसं किती बसणार?"
बोटं मोजत "मी" म्हणालो. "आक्का" म्हणालो. "रूथ" म्हणालो. बाळाचं चौथं बोट उघडलं, परत मिटलं.
"हॅलो? किती?"
उद्या सांगतो म्हणालो.