छातीला कधी मार लागला होता?

३ मार्च
हिचे गुडघे आज बरे. सूनबाईचा खोकला उतरला. नात शाळेत गेली, म्हणजे तापही गेला. धाकटा भाऊ ठणठणीत, सकाळपासून खाली कारखान्यात रंधा मारतोय. राहता राहिलो मी. संध्याकाळी चपलेत पाय मावेनात. एक जिना चढलो की धाप लागते. ही म्हणाली, "दवाखान्यात चला, नाहीतर डॉक्टरला इथे उचलून आणते." आणेलही.

५ मार्च
धाकटा सोबत आला. माझी पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसला. डॉक्टरीणबाई तरुण, पण हात हलका. मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या, घोट्यावर बोट दाबलं — खड्डा तसाच राहिला. मग विचारलं, "छातीला कधी मार लागला होता?"

"नाही," मी म्हटलं.

धाकटा पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

६ मार्च
इथे तरी खरं लिहावं. बावीस वर्षांपूर्वी लाकूड कापायच्या मशीनच्या पात्यावरचं झाकण धाकट्याने घाईत काढून ठेवलं होतं. फळी अडकली आणि उलटी उडाली — थेट माझ्या छातीवर. तीन फासळ्या मोडल्या. जुळल्या, मी कामाला लागलो. तो मात्र अपराधीपणाने अर्धमेला झाला होता. मेल्याला आणखी काय मारायचं? मी विषय कधी काढला नाही. घरातही ताकीद दिली — त्याच्यासमोर ब्र काढायचा नाही.

११ मार्च
हृदयाची सोनोग्राफी झाली. उजव्या बाजूची झडप गळतेय, तिकडचा कप्पा फुगलाय. कारण लागत नाही. आता फुफ्फुसं तपासा, यकृत तपासा. "दारू किती घेता?" जन्मात थेंब नाही घेतला! ही म्हणाली, "चहाच्या नशेची तपासणी नसते का हो?" मला हसू आलं नाही. एक खोटं बोललो, त्याच्यापायी रोज रक्त देतोय.

१४ मार्च
लघवीच्या गोळ्या चालू. सूज थोडी कमी. दम तसाच.

१७ मार्च
फुफ्फुसं चांगली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मी अंधारात चाचपडतेय. झडपेला ताणून धरणारा दोर तुटल्यासारखा दिसतोय. उगाच नाही तुटत तो. उशीर झाला तर हृदयाची उजवी बाजू थकेल, मग दुरुस्तीही अवघड." दाराबाहेर धाकटा बसलेला. दार उघडं. जीभ रेटेना.

१९ मार्च
उद्या एकटाच जाऊन सांगून टाकतो. हिला म्हटलं, "धाकट्याला कळू देऊ नकोस." ही म्हणाली, "तुम्ही दोघं एका माळेचे मणी."

२० मार्च
मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "तुमचे बंधू काल सगळं सांगून गेले. दोर तेव्हाच तुटला असणार. सर्जनना चिठ्ठी देते." मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "रडत होते हो ते. म्हणाले, ऑपरेशनच्या आधी तरी दादा मला माफ करेल का? बावीस वर्षं त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाही माझ्याशी, इतका राग धरलाय त्याने."