दक्षिण गॅलरीतील आरशाची व्यवस्था

मी, त्र्यंबक विष्णू आगटे, वय छप्पन्न, धंदा प्रयोगशाळांना भिंगे, आरसे व लोलक पुरवणे, राहणार कर्वेनगर, पुणे, बुद्धी ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून प्रथम एक तक्रार. तळमजल्यावरचे रंगराव, निवृत्त पीएमटी चालक, रोज सकाळी माझ्या स्कूटरचा आरसा वाकडा करून त्यात भांग पाडतात. भांगास लागणारा ऐवज त्यांच्या डोक्यावर फारसा उरलेला नाही. मी म्हणालो, "अहो, तो आरसा मागचं बघायला असतो." ते म्हणाले, "मग बरोबरच आहे. माझं सगळं मागेच गेलंय."

१. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची फिल्म उजेडासमोर धरली आणि पुढचे सगळे भिंतीकडे बघून सांगितले. म्हणून ही घाई.

२. फ्लॅट, ठेवी व दुकान पत्नी कल्याणीस. तिच्या पश्चात चि. चेतनला. जुन्या दानपत्रांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहीत. मला ते लिहवत नाही, कारण दिवाकर आमच्या पूर्वेच्या खिडकीत येईनासा झाला. समोर अकरा मजले उठले. इमारतीचे नाव 'सूर्यदर्शन'. तिच्या बिल्डरास माझ्यातर्फे काहीही देऊ नये, नमस्कारसुद्धा.

३. अर्धांगाच्या झटक्यापासून कल्याणी त्याच खिडकीशी निजून असते. वाचा गेली आहे. ऊन बंद झाले तेव्हा तिने जेवण सोडले. मग मी दक्षिण गॅलरीत एक आरसा लावला, बोळाच्या टोकाला दुसरा, आणि तिच्या उशाशी लोलक. सकाळी किरण दोनदा वळून लोलकात शिरतो, वाकतो, आणि सात रंग होऊन तिच्या पांघरुणावर पडतो. तांबडा हाताशी आला की ती डावे बोट उचलते. मी म्हणतो, "आला का पाहुणा?" मग ती घास घेते.

४. सूर्य जेवढा सरकेल त्याच्या निम्माच आरसा फिरवावा. पूर्ण फिरवल्यास किरण दुप्पट पळतो. एकदा तो शेजाऱ्यांच्या देवघरात गेला. त्यांनी नारळ फोडला. मी खुलासा केलेला नाही.

५. चेतन हडपसरला अमेरिकेच्या घड्याळाने नोकरी करतो; ऊन येते तेव्हा तो झोपतो. त्याने प्रेमाने आरशाला मोटर बसवून दिली. "बाबा, आता तुम्ही खुशाल दुकानात जा." गेलो. गुरुवारी वीज जाते, हा दोष किरकोळ. बाकीचे दिवस रंग वेळेवर आले, आणि ताट तसेच परत गेले. मोटर चेतनला परत.

६. स्कूटर विकावी, तिचा आरसा रंगरावांस द्यावा. अट अशी, की रोज सकाळी वर येऊन त्यांनी दक्षिणेचा आरसा फिरवावा. विचारले तेव्हा म्हणाले, "फिरवीन हो. पण वहिनींशी बोलायचं काय?"

स्थळ पुणे, गुरुवार, दि. ९ डिसेंबर २००४. वीज नाही.

(सही) त्र्यंबक विष्णू आगटे

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या:
(सही) कादर शेख, काच कापणारे, दुकानाचे शेजारी
(सही) अनिरुद्ध लोंढे, सोसायटीचे सचिव
(रंगरावांना आरसा मिळतो, सबब ते साक्षीदार नाहीत.)

सहीखालचा मजकूर कायद्यात धरत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून इथे लिहितो. मरणाची मला फारशी भीती नाही. तांबडा हातावर येईल, ती बोट उचलेल, आणि कोणी काही म्हणणार नाही, याची वाटते.