अण्णांच्या आवडीचं पान

अलिबाग, ९ फेब्रुवारी १९५६

बोटांना अजून जवळ्याचा वास येतोय.

आज अण्णांचा तेरावा. त्यांच्या आवडीचं पान वाढायचं होतं. आवड कोणती? दादा म्हणाला, श्रीखंड. ते त्यालाच आवडतं. ताई म्हणाली, पुरणपोळी. ती तिची. मी फणसाची भाजी सांगितली, ती माझी. सगळं अण्णाच आणायचे आणि आम्ही खाताना बघत बसायचे.

थळहून आत्या आली, अण्णांची थोरली बहीण. तिनं पिशवीतून सुक्या जवळ्याची पुरचुंडी काढली. "ह्याच्याबिगर त्याला भाकरी जात न्हवती. तुमाला ठाव न्हाय?"

आई म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी सांगितलं, मला सुक्या मासळीचा वास खपत नाही. त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही."

"तीस वर्सं?"

"समंजस होते." आईनं पुरचुंडी माझ्या हातात दिली. "मांजराला घाल."

घातली. आत्या बघत होती.

पानावर श्रीखंड वाढलं. पंगतीत सगळे म्हणत होते, अण्णा असते तर खूश झाले असते. मीही म्हटलं? म्हटलं. जेवायला बसण्याआधी दोनदा हात धुतले. श्रीखंडही दोनदा मागून घेतलं.