चितरातल्या दोन बाया

माय, नातीनं पाटीवर गिरवून घेतलं म्हून एवढं लिहिता येतंय. चुकलं तर हासू नको. आज लई आनंदात हाय मी. तुझ्याच घरी राहते आता, आन् पोरगी सकाळपासून ओसरीतल्या भिंतीवरच्या दोन बाया वहीत काढून राहिली. हात तुझ्यावर गेलाय तिचा. माझ्यावर गेला न्हाई, देव पावला.

माझा हात तू एका दिवसात ओळखलास. नागपंचमीच्या आदल्या दिवशी चुलीमागच्या भिंतीवर मी नाग काढला, तर तू म्हणालीस, “हा नाग हाय का चऱ्हाट? तू पोतारा घे, भिंती सारव.” आन् चितर काढायची शिंदीची चावलेली काडी दिलीस शेजारच्या पोरीला, जी नुसता विस्तव मागायला आली होती. तवापासून तिच्या घरी विस्तव टिकलाच न्हाई, रोज यायची. लग्नघरी तुम्ही दोघी काव-चुन्याच्या वाट्या घेऊन पुढं, मी पांढऱ्या मातीची पाटी घेऊन मागं. माझं लग्न झालं, सासर पैनगंगेपल्याड. तिला गावातच दिली. कळमनुरीच्या बाजारात भेटायचीस तवाबी तिनं मोर कसा काढला तेच सांगायचीस, आन् मी आणलेला गूळ अर्धा तिच्यासाठी पदरात बांधायचीस. निजाम जायच्या साली अर्धं गाव रझाकारांच्या भ्यानं नदीपार आलं. मी गाडी धाडली, ती रिकामी परत आली. गाडीवान म्हणाला, म्हातारी म्हणती, शेजारची बाळंत व्हायचीय, तिला टाकून कशी येऊ. मीबी पोटुशीच होते, माय.

त्याच हिवाळ्यात तू गेलीस. मी आले तर ओसरीत तिनं चितर काढलेलं, समोरासमोर बसलेल्या दोन बाया, मधी रंगाची वाटी. शिकवणारी आन् शिकणारी, जल्माच्या मैतरणी, असं म्हणत लोक बघायला यायचे. मी त्यात मला हुडकलं. नव्हते. सुतक फिटल्यावर घर सारवायचंच असतं, म्हून पोतारा भिजवला आन् ठरवलं, तुला ठेवायची, तिला पुसायची. पण दोघी सारख्याच. तेच तिरकोनाचं अंग, तेच ठिपक्याचे डोळे, तीच नथ. माती कोपरापर्यंत गळत होती. ती उंबऱ्यात लेकरू घेऊन बसलेली. शेवटी तिलाच इचारावं लागलं, यातली माय कोणती?

तिनं लई वेळ बघितलं. “काढताना ठाऊक होतं, ताई. आता मलाबी सांगता येत न्हाई. पुसायचं तर दोघीबी पुसा.”

मी कडंकडंनं सारवलं. दरसाली नदी ओलांडून येऊन तसंच सारवत आले. मातीचे थर चढून चढून त्या बाया आता कोनाड्यात बसल्यावानी दिसतात.

आज नातीनं इचारलं, या कोण गं आज्जी? मी बोलून गेले, एक माझी माय, आन् दुसरी मी. ती शेजारीण तिथंच होती, तोंडात दात न्हाई, वाटीत काव कालवत बसलेली. तिनं वर बघितलं आन् पोरीला म्हणाली, “व्हय. बराबर हाय.” आन् परत कालवायला लागली.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई म्हून लिहिते. आज तिच्या जागी मी असते, तर व्हय म्हटलं नसतं. याचाबी हेवाच वाटून राहिलाय मला.